शिरोरेघ

बस. तो स्टूल नको, त्याचा पाय मोडका आहे.
गोणीवर बस, टेकून.
मशीन कोणतं घेऊ, हे शेवटी विचार.
मीही तेच आधी विचारलं होतं,
आणि मशीन आलं तेव्हा
घणसोलीतल्या आमच्या पोटमाळ्यावर
प्लग लावताच
अख्ख्या मजल्याचे पंखे थांबले.

आधी हा कपडा बघ.
चिमटीत धर, उजेडाकडे कर.
हा कापूस. हा पॉलिस्टर.
वरून कळत नाही
कोण रंग धरेल
आणि कोण पहिल्या धुण्यात सोडून देईल.
सब्लिमेशनची शाई मी कापसावर मारली होती,
साठ नग, शिरीष वैतीच्या मुलाच्या हळदीचे.
रात्रभर बेंजोवर काय उठून दिसले!
दोन दिवसांनी बादलीत
'नवरदेवाची गँग' बुडाली
ती वर आलीच नाही.

वैती पैसे बुडवणारा माणूस नव्हता.
आगाऊ मागितले असते तर दिले असते.
मीच म्हणालो, राहू द्या हो, आपलेच आहात.
'आपलेच' या शब्दाचा हिशेब
माझ्या वहीत अजून उघडा आहे.

मापंही विचारली नव्हती.
मीडियम स्वस्तात मिळत होते, दीडशे उचलले.
आमच्याकडचे काके-मामे
मीडियममध्ये मावतात का रे?
उरलेले नव्वद
तुझ्या पाठीला लागतायत ना, तेच.

भाव ठरवताना वीज धरली, शाई धरली,
रबाळ्याहून टेम्पो धरला.
आईला धरलं नाही.
ती रात्री दोनपर्यंत घड्या घालायची,
पिशवीत भरताना कॉलर नीट बसवायची,
आणि मी नगामागे बारा रुपये नफा मांडून
खूश व्हायचो.

मग ते बावीस.
'गावदेवी इलेव्हन, तळवली'.
कागदावर अक्षर उलटं काढायचं असतं,
तेव्हा ते छातीवर सुलट उतरतं.
एवढीशी चौकट, एक टिक करायची.
पहाटेचे अडीच, आठ वाजता मॅच,
भावेश मशीनखालीच झोपलेला.
दाब, थांब, उघड.
दाब, थांब, उघड.
शिरोरेघ सरळ होती, म्हणून
सगळं सरळच वाटत राहिलं.
बाविसावा उघडला तेव्हा
खिडकीच्या काचेत मला बरोबर वाचता आलं
आणि पोटात खड्डा पडला.

पोरं मागच्या वर्षीचे घालून खेळली.
कॅप्टन काही बोलला नाही,
पुढच्या वर्षी आलाही नाही.
भावेशही नंतर आला नाही. भागीदारी तोंडी होती,
तोंडीच संपली.

ते बावीस घरी आले.
दोन आईनं फरशी पुसायला घेतले.
एक बाबा घालतात, अजून.
एका सकाळी दाढी करताना थबकले,
गालावर फेस तसाच,
आरशात बघून मोठ्यानं वाचलं,
गावदेवी इलेव्हन, तळवली.
'अरं, बराबर त हाय!'
कितीतरी महिन्यांनी
त्या घरात मी हसलो.

आता पहिला नग काढतो तो बाबांचा.
ते घालतात, घाम येऊ देतात, आई धुते,
दोरीवर दोन उन्हं खातो तो.
मग बाकीचे.
गिऱ्हाईक म्हणतं उशीर होतो.
होतो.

आणि तुझ्या मोबाइलमधला तो वाघ,
झकास आहे, पण कुणी काढलाय?
त्याला विचारलंस?
विचार. मग छाप.

आज शुक्रवार, एमआयडीसीत वीज नाही,
म्हणून एवढा बोललो.
उद्या ये, प्रेस तापलेली असेल,
हात भाजून घे एकदा, मग मशीनचं ठरवू.
आणि ऊठ, त्या गोणीतला एक काढ.
तू सडपातळ आहेस.
तुला मीडियम होईल.