आधार : इतर

सोहारच्या किनाऱ्यावर रात्री पावणेतीनला
तीन नंबरचा पंप खडे चावू लागला.
समुद्राचं पाणी आत ओढणारा पंप,
त्याच्यामागे अर्ध्या शहराचे नळ.

पडद्यावर आकडा लाल. नियम सांगतो : बंद करा.
खल्फानचं बोट बटणापाशी, नजर माझ्याकडे.
मी म्हणालो, थांब.
बाहेर पाऊल टाकताच दमट हवेने चष्मा पांढरा.
चाचपडत डिलिव्हरी व्हॉल्व्हचं चाक आवळलं,
तीन आटे,
मग अजून अर्धा.
केसिंगला बोटाचं पेर टेकवून उभा राहिलो.
शिरोलीच्या फाउंड्रीत अण्णू कुंभोजे
मडकं पारखावं तसं कास्टिंग वाजवून बघायचे.
खडे कमी झाले. मग वाळू.
मग नुसती जात्याची घरघर.

सकाळी बुशराने वही उघडली :
सर, कळलं कसं?
ती बलूशी, लागून सहा महिने झालेत,
हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलते.
मी सांगितलं,
सक्शनचा दाब पडत होता, करंट डुलत होता,
बेअरिंग मात्र थंड.
म्हणजे दुखणं पंपाचं नाही, त्याला पाणीच पुरत नाही.
समोरच्या जाळीत काहीतरी अडकलंय.
त्याची भूक कमी करा, तोवर जाळी धुवा.
तिने एकाखाली एक उतरवून घेतलं.
किती शहाणं दिसत होतं ते.

खरं तर हात आधी गेला.
कारणं आली वरातीमागून घोडं यावं तशी
आणि अहवालात जाऊन बसली पहिल्या रांगेत.

दुपारी जेवताना आठवलं.
मंगळवारी याच टेबलावर ती म्हणाली होती,
आजोबांचं जाळं तीन दिवस जड येतंय,
मासा नाही, नुसती जेलीफिश,
म्हातारा समुद्राला शिव्या घालतोय.
ती हिंदीत 'जाल' म्हणाली होती.
माझ्या डोक्यात त्याची जाळी झाली असणार.
मी तेव्हा लोणच्याची बाटली उघडत होतो,
ऐकलंच नाही अशा समजुतीत.

फॉर्ममध्ये रकाना आहे : निर्णयाचा आधार.
मोजमाप, नियमावली, उत्पादकाचा सल्ला, इतर.
मी 'इतर' निवडलं, पुढे चाळीस अक्षरांची जागा.
लिहिलं, बुशराच्या आजोबांचं जाळं.
मस्कतहून फोन : हे काय आहे?
आधार आहे, म्हणालो.

पण हेही लिहून ठेवतो.
पुढच्या आठवड्यात एक नंबरचा पंप
हाताला बरा वाटेना.
आकडे सगळे हिरवे. मी म्हणालो, उघडा.
अकरा तास. क्रेन, आठ माणसं, पत्र्याखाली सेहेचाळीस डिग्री.
आत बेअरिंग नव्या नाण्यासारखी,
इंपेलरवर ओरखडासुद्धा नाही.
खल्फानने चहा आणून ठेवला आणि गेला.
बुशरा वही मिटून उभी होती.

कळलं कसं, असं त्या दिवशी तिने विचारलं नाही.
विचारायला हवं होतं ते तेव्हाच.