घरफाळ्यावर हरकत

नोटीस कानडीत. नात वाचून दाखवते,
ओळीखाली बोट धरून:
"आजोबा, आपलं घर मोठं झालंय."
खोल्या तीनच. न्हाणीचं दार अजून
सुतळीनं बांधलेलं.
"मोठं नाही गं, महाग," सून आतून म्हणते
आणि खोकते.

कारण दिलंय: रस्ता आता व्यापारी.
व्यापार म्हणजे शेजारचा सदलग्यांचा डंका.
पहाटे पाचला मिरचीची पोती उतरतात,
सहाला मुसळं सुरू,
आणि भिंतीवरची वडिलांची तसबीर
दर ठोक्याला केसभर वाकडी होत जाते.
संध्याकाळी मी ती सरळ करतो.
दह्यावर लाल साय. पांढरं धोतर मी सोडलं.
जावई नाकाला रुमाल लावूनच आत येतो,
गल्लीला वाटतं, रुसलाय.

अर्ज मी मराठीत लिहिला, मग
टायपिस्टाकडून कानडी करून घेतला.
म्हणणं साधं होतं:
ज्याच्यामुळे घर राहायला नको झालं
त्याच्याच नावानं तुम्ही त्याची किंमत वाढवता.
एक गिऱ्हाईक आणा. माझ्या दारात उभं करा.
दोन ठसके लागल्यावर जो भाव बोलेल
त्यावर लावा फाळा.
टायपिस्ट थांबला. म्हणाला, हे गिऱ्हाईक काढू या,
वर बरं दिसत नाही.
काढलं.
अर्ज सभ्य झाला, पण त्याचा आवाज बसला.

सुनावणीला हिरेमठ मॅडम.
"कूडरी," म्हणाल्या. बसलो.
नकाशा पसरला. नकाशात
माझं घर एक चौकोन, डंका एक चौकोन,
मधे पेन्सिलीची रेघ.
नकाशाला वास नसतो.
मग त्यांनी माझी फाईल उघडली,
महिनाभर आमच्या कोनाड्यात पडून असलेली,
आणि शिंकल्या.
पुन्हा शिंकल्या. चष्मा काढून तिसऱ्यांदा.
शिपायानं पंखा वाढवला, तेव्हा तर
पलीकडचं जन्म-मृत्यू खातंही शिंकायला लागलं.
मी काही बोललो नाही.
"बुधवारी जागेवर येऊन बघतो,"
डोळे पुसत म्हणाल्या, मराठीत.

वडगावात उतरलो, गल्लीच्या तोंडाशी आलो
आणि कुठून कोण जाणे गंगव्वा आठवली.
डंक्याच्या जागी तेव्हा तिचं घर.
माझे चार माग, बत्तीस वर्षं,
तिच्याच भिंतीला लागून,
खटाक खटाक, रात्री अकरापर्यंत.
तिच्या फळीवरची पितळी भांडी
माझ्या धोट्याच्या तालावर सरकत सरकत
कडेला येत, पडत.
ती उचलून पुन्हा लावी.
सुताचं तूस खिडकीतून तिच्या अंथरुणात,
तिच्या जोंधळ्याच्या पिठात.
तिनं कधी अर्ज केला नाही. तिला सही येत नव्हती.
की येत होती? मी विचारलंच नाही.
अमावस्येला ती ते तूस झाडून गोळा करी,
दिव्याच्या वाती वळी,
त्यातल्या मूठभर आमच्या घरी आणून देई.
"निम्म नूलु," म्हणे. तुमचंच सूत.
आम्ही घेत होतो. लावत होतो.

अर्ज मी मागे घेणार नाही.
बुधवारी दार सताड उघडं ठेवीन,
दही आदल्या रात्री लावीन.
फक्त आज, डंका थांबल्यावर,
खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं
आणि जिभेला लावलं.
रंगाला ब्याडगी, ठसक्याला गुंटूर.
माल चांगला होता.
खोटं कशाला बोलू.