ओळंबा

पहिल्या दिवशी सात जणांना सात सारखी पाकिटं मिळाली.
हेल्मेट, बिल्ला आणि दोन वर्षांचा तक्ता:
सहा महिने धरण, सहा महिने निविदा,
मग आराखडे, मग नियंत्रण कक्ष.
इन्व्हरनेसच्या त्या हॉलमध्ये हीटर नुसताच खडखडत होता.
मुख्य अभियंता बाई म्हणाल्या,
प्रश्न विचारायला लाजू नका.
आम्ही सातही जण लाजलो.

मी पेझलीची. आई बस चालवते.
नोकरी लागली म्हटल्यावर तिने पहिलं हेच विचारलं,
तिथे बस जाते का?
जात नाही.
शेवटचे अकरा मैल टॉर्किल मॅकफेलच्या व्हॅनमधून,
पायाशी त्याची ओली कुत्री,
आणि रेडिओवर गेलिक बातम्या, ज्यातलं मला
फक्त हवामान कळायचं, तेही खिडकीतून.

धरणाच्या पोटात उतरायला एकशे बेचाळीस पायऱ्या.
टॉर्किल त्या मोजत नाही, त्याचे गुडघे मोजतात.
खाली बोगदा, भिंतींना चुन्याची पांढरी दाढी,
कुठेतरी सावकाश ठिबकणारं पाणी
आणि एका कोनाड्यात, लोखंडी दारामागे,
माथ्यापासून सोडलेली चाळीस मीटर तार.
टोकाला वजन, तेलाच्या पिंपात बुडालेलं.
गवंड्याच्या हातात असतो तोच ओळंबा,
फक्त इथे गवंडी कधीच घरी गेलेला नाही.

"तार हलत नाही," टॉर्किल म्हणाला. "हलतं ते धरण."

चार वर्षं मी ज्या भिंतींची गणितं सोडवली
त्या माझ्या वहीत निमूट उभ्या होत्या.
ही मात्र ऑगस्टमध्ये तळ्याकडे रेलते,
थंडीत, तळं भरलं की, दरीकडे.
किती?
त्याने अंगठ्याचं नख दाखवलं. त्याहून थोडं कमी.

तिसऱ्या आठवड्यात तो दाताच्या डॉक्टरकडे गेला
आणि आकडा मी एकटीने घेतला.
दोन मिलिमीटर जास्त.
पुन्हा घेतला. अडीच.
वर धावत आले, पायऱ्या तेव्हा मीही मोजल्या नाहीत.
पर्थच्या कार्यालयाला तीन परिच्छेद पाठवले,
"तातडीचे" हा शब्द दोनदा,
आणि रात्रभर खालच्या गावातले दिवे मोजत बसले.
एकोणीस. एक दोन वाजता विझला
तेव्हा माझं काळीज उडालं.

सकाळी सुजल्या गालाने टॉर्किल माझ्याबरोबर उतरला.
काही बोलला नाही. लोखंडी दार लावून घेतलं,
उलट्या बादलीवर बसला, थर्मास उघडला.
पंधरा मिनिटं आम्ही चहा प्यायलो
बोगद्यातला वारा थांबेपर्यंत, तार निवेपर्यंत.
"आता बघ."
आकडा जिथे असायचा तिथेच होता.

पर्थला काय कळवायचं, मी विचारलं.
"दार उघडं होतं म्हणून कळव. मी एकोणनव्वद साली
पोलिसांना फोन केला होता."

तिमाही अर्जात एक चौकट असते: काय शिकलात?
दोन ओळींची जागा. मी लिहिलं, दार लावायला.
अर्ज परत आला.
कृपया सक्षमतेच्या भाषेत लिहा.
मग मी लिहिलं, मापनातील त्रुटींचे स्रोत ओळखून
त्यांचे निराकरण करता येते.
हिरवी खूण आली.

फेब्रुवारीअखेर तो निवृत्त झाला. केक व्हॅनमध्ये कापला,
मोठा तुकडा कुत्रीने खाल्ला.
माझ्याकडे किल्ल्या आल्या, त्याही चारच दिवसांसाठी.
सोमवारपासून निविदा, तिसरा मजला, खिडकी पार्किंगकडे.

शेवटचा आकडा घ्यायला एकटीच उतरले.
दार लावलं. उलट्या बादलीवर बसले.
चहा आणायला विसरले होते,
म्हणून त्याच्या जुन्या वह्या चाळल्या:
चौतीस हिवाळ्यांची तिरकी, कंजूस अक्षरं,
आणि एका तारखेपुढे, आकड्याच्या जागी, फक्त
"मुलगी झाली. उद्या घेईन."

पंधरा मिनिटं झाली होती.
मी अजून पाच थांबले.