सगळ्यात लांब

अख्खा जानेवारी चिखलात गेला.
गोठ्याच्या भिंतीला टेकून स्लेज उभी,
तिच्या पट्ट्यांवर गंज, मागे मांजराचं बिऱ्हाड.
लेलो रोज सकाळी खिडकीला नाक लावायची,
काचेवर धुकं उठायचं ते फक्त तिच्याच श्वासाचं.

आणि मग फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी,
नेमका घसरायचा सण,
रात्रीतून कुणी पीठ चाळून ठेवावं तसा
बर्फ.
फार नाही. वीतभरही नाही.
पण तानेलनं दुपारी दप्तर दारातच टाकलं
आणि बुटाच्या नाड्या न बांधता पळाला.

आम्ही निघालो टेकडीकडे.
मी, माइदो, मुलं,
थंडीला शिव्या देत सगळ्यांच्या पुढे विर्वे आत्या,
आणि मागून बाबा.
बाबांच्या खुब्यात वर्षापासून धातूचा सांधा आहे.
डॉक्टरांनी चालायला सांगितलंय,
बाकीचं त्यांनी विचारलेलं नाही.
खिशात त्यांनी आणलंय डुकराच्या पायाचं हाड,
मधोमध भोक, भोकातून दोरी,
ओढली की गुरगुरतं.
"वुर्र," लेलो म्हणते.
"वुर्र," हाड म्हणतं.
दोघांचं जमतं.

इथली जुनी रीत अशी की
आज जो सगळ्यात लांब घसरेल
त्याचं जवस यंदा सगळ्यात उंच.
घसरताना ओरडायचं असतं, लांब जवस! लांब जवस!
आत्या ओरडली आणि वळणावरच उलटली.
माइदोच्या वजनानं स्लेज रुतली, खालून माती दिसली,
आम्ही हसलो, तो नाही हसला,
मग हसला.
तानेल गेला पार जुन्या कुंपणापर्यंत,
तिथं खूण म्हणून मफलर बांधून आला.
मी पोटावर झोपून गेले.
तोंडात बर्फ, कानात वारा,
आणि बँकेचं पत्र, तानेलचे वाकडे दात, गळका नळ
सगळं वर टेकडीवर राहिलं.
(चढून पुन्हा तेच उचलायचं होतं,
पण ते नंतर.)

"पण आपण जवस लावतच नाही," लेलो म्हणाली.
खरंच की.
खालचं शेत दुसऱ्याला दिलंय, तिथं मोहरी होते.
घरच्या धाग्याचा शेवटचा पंचा
कपाटात आहे, घडीवर पिवळा पडलेला.
"मग लांब काय होणार?"

कुणी काही बोललं नाही.
बाबा हाडाभोवती दोरी गुंडाळत होते.
ती खिशात ठेवून ते सरळ स्लेजवर बसले.
"बाबा," मी म्हणाले.
"काठी धर जरा," ते म्हणाले.

ते ओरडले नाहीत.
टोपीचे कान हलवत नुसते गेले,
वळण, कुंपण, तानेलचा मफलर,
अल्डरच्या झाडांमधून खाली
तळ्याकाठच्या लव्हाळ्यात,
आणि तिथं दिसेनासे झाले.

मी आयुष्यात अशी पळाले नव्हते.
वाळलेलं लव्हाळं वाजत होतं.
आत बाबा, रांगत.
"लागलं का? बाबा, लागलं?"
"हातमोजा," ते म्हणाले. "डावा.
इथंच कुठंतरी आहे."

मग आम्ही सहाही जण गुडघ्यांवर.
सव्वापाच झाले होते आणि तरी
एकमेकांची लाल नाकं दिसत होती.
डिसेंबरात यावेळी
दिवे लावून दोन तास झालेले असतात.
"दिवस," बाबा म्हणाले.
आम्हाला वाटलं, हातमोज्याबद्दल काही.
ते लेलोशी बोलत होते.
"लांब होईल तो दिवस.
तिळातिळानं होतोय, बघ."
तिनं आभाळाकडे पाहिलं, फारसं पटलं नाही तिला.

हातमोजा मिळाला नाही.
घरी वाटाण्याचं सूप, साईनं भरलेले पाव,
आत्याच्या मिशीवर साय (तिला मिशी आहे, बोलायचं नाही),
चुलीवर अकरा हातमोज्यांचा ओला लोकरी वास.

सकाळी लेलो एकटीच जाऊन मोजून आली
आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहिलं:
आजोबा, एकशे बारा पावलं.
खाली, बारीक अक्षरात:
माझी पावलं.