उजवी बाजू

रज्जाकभाईनं दोर माझ्या हातात दिला तेव्हा म्हणाला,
"बुढी घोडी काय शिकन जी आता? चारा खाईन, उभी राहीन."
बावीस वर्षांची. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके,
तीळ लावल्यासारखे, म्हणून नाव रेवडी.
मोमीनपुऱ्यातून निघून किती मांडवांपर्यंत गेली असेल,
पाठीवर एकेक घामेजलेला नवरदेव,
पुढे बँड, मागे बत्त्या.

आता डाभ्याच्या माळावर आम्ही दोघीच.
मार्गशीर्षातली सकाळ, गवत ओलं,
वाडीच्या अंगानं ट्रकांचे हॉर्न.
मी एस.टी.त होते, अठरा वर्षं, गणेशपेठ डेपो.
एक घंटी, थांब. दोन, चाल.
दोरी ओढली की पन्नास माणसं हलायची
आणि मला वाटायचं, माझ्यामुळे हलतात.

रेवडीला घंटी कळत नाही.
पहिल्या दिवशी मी ओढलं.
साडेतीनशे किलोचा नकार, शांत,
कान अर्धे मागे,
डोळ्यांवरच्या खळग्यांत ऊन साचलेलं.
आणखी ओढलं, तर तिनं नुसती मान वर केली
आणि माझीच चप्पल निसटली.

मग आठवडाभर काही शिकवलं नाही.
खरारा केला. गुडघा चोळला, थंडीनं आखडतो तो.
दाढा झिजल्यात, म्हणून कोंडा भिजवून दिला.
आठव्या दिवशी दोर सैल सोडून
एक पाऊल टाकलं, थांबले.
तिनं टाकलं. थांबली.
तिच्या छातीसमोर तळवा धरला, टेकवला नाही.
बराच वेळ.
मग ती वीतभर मागे सरली
आणि मी हात लगेच खाली घेतला.
या 'लगेच'ला मला पंधरा दिवस लागले.
आधी उशीर व्हायचा,
शाबासकी देण्यात वेळ जायचा.

हे सगळं डावीकडून.
उजव्या डोळ्यात सायीसारखा पडदा.
डावीकडे शिकलेलं उजवीकडे पोचतच नाही,
तिकडे मी पुन्हा कोणी परकी बाई,
अचानक कुठूनही येणारी.
एकदा न बोलता गेले त्या बाजूनं,
खांद्यावर निळा वळ घेऊन परतले.
चूक तिची नव्हती.

तेव्हापासून बोलत जाते.
काय बोलणार घोडीशी?
तोंडात होतं तेच आलं :
वाडी... गोंडखैरी... बाजारगाव...
अमरावती रोडचे थांबे, एकेक, सावकाश.
बाजारगावला मी शेपटीजवळ असते,
कोंढाळीला खांद्यापाशी.
तिचा उजवा कान वळतो, गाव ओळखतो.
पौष लागेपर्यंत
मी तिच्या आंधळ्या बाजूनं चालू लागले,
दोराचा झोल जमिनीला टेकलेला.

परवा संध्याकाळी रस्त्यानं वरात आली.
मला वाटलं, बुजेल, उधळेल,
मी पाय रोवून उभी.
ती बुजली नाही.
मान ताठ केली, कणा ताठ केला
आणि ढोलाच्या दिशेनं चालू लागली,
ड्युटीवर निघाल्यासारखी,
डोळ्यांत काहीच नाही.
एक, दोन, चार पावलं.
झोल संपत आला.
ओढलं असतं तर थांबली असती कदाचित,
बावीस वर्षं ओढल्यावरच थांबतेय ती.
हाताची बोटं आपोआप आवळली होती.
ती मी एकेक करून उघडली.

"कोंढाळी," म्हणाले. ढोलात मलाच ऐकू आलं नाही.

कान वळला.
आधी कान, मग मान, मग तो गुडघा, कुरकुरत.
उभी राहिली तिथेच, माझ्याकडे नाही,
वरातीकडेही नाही, मधेच कुठे तरी तोंड करून,
आणि तोंडात काही नसताना चघळत राहिली.
फटाक्यांचा धूर आमच्यावरून गेला.
पांढऱ्या घोडीवरचा पोरगा गेला, फोन बघत.
बत्त्या वळणाआड झाल्या.

मग रेवडीनं लीद टाकली, निवांत,
एक लांब श्वास सोडला
आणि आली उजवीकडूनच माझ्या बाजूला.
मी पुढचा थांबा सांगितला :
कारंजा.