एकशे अठ्ठेचाळिसावा मीटर

पावसाळी गटारीला मे महिन्यात काम नसतं.
तिनं कोरडं पडून राहावं,
अशी नियमावलीची अपेक्षा.

आम्ही तिच्यात केबल सोडली, करंगळीएवढी,
साखर पेठेतल्या चेंबरपासून खाली सहाशे मीटर.
आत केसासारखा काचेचा तंतू.
तो मीटरामीटराला, दर अर्ध्या मिनिटाला
एवढंच सांगतो: इथे इतकं ऊन, इथे इतकं गार.
वास नाही, कुणाचं नाव नाही.

दुपारी त्याचाही उपयोग नाही.
सोलापुरात दुपारी टाकीतलं पाणीच चटका देतं;
चोर आणि साक्षीदार एकाच तापमानाचे.
म्हणून आम्ही पहाटेचे.
दुर्गय्या झाकण उचलतो, मी मांडीवर लॅपटॉप,
माग अजून गप्प.

पडद्यावर निळं. एकतीस, एकतीस, एकतीस.
चार दहाला
एकशे अठ्ठेचाळीसवर केशरी ठिपका. बेचाळीस अंश.
मग तो उतारानं चालू लागतो,
निवत, फिकटत, तलावाच्या अंगाला.

पाच पहाटा. वेळ तीच.
"रंगाचा कारखाना असंल बगा सायेब, चोरून सोडालेत."
मलाही तेच हवं होतं:
मोठी भट्टी, मोठा मालक, जाडजूड नोटीस.

सहाव्या दिवशी टेप लावत गेलो
तर हिरव्या दाराचं घर.
उंबऱ्याशी नरसव्वा, सुपात तंबाखू, कात्रीखाली विडीचं पान.
आत खाटेवर नवरा,
एकतीस वर्षं रंगाच्या हौदावर, आता कुशीला वळवावा लागतो.
"गार पाण्यानं कण्हतंय. म्हणून चारला तापवते.
पाइप मिस्त्रीनं जोडला. म्हणाला, हितनंच जवळ पडतंय."

खात्रीसाठी मोरीत हिरवी पूड टाकली.
खालून दुर्गय्या ओरडला, "आलं बे, आलं!"
खाटेवरून म्हाताऱ्यानं मान उचलली,
हिरवं वाहताना पाहिलं
आणि म्हणाला,
"कच्चा हाय रंग. दोन धुण्यात जाईल."

अहवालात लिहिलं: जोडणी चुकीची.
मैलावाहिनी घरापासून अकरा फुटांवर. खर्च मालकाचा.
कारणाचा रकाना
छापील तक्त्यात नव्हताच.

आज पहाटे चार दहा.
एकशे अठ्ठेचाळीस: एकतीस. निळं.
मी आकडा पुन्हा पाहिला.
दुर्गय्या काही बोलला नाही.
गल्लीत कुठंतरी
भरल्या बादलीची कडी वाजत गेली,
थांबली,
परत वाजली.