मागची खाच

आचारसंहिता उठली तेव्हा
ठाण्यातून अप्पांची रायफल परत आली.
पावतीवर नंबर बरोबर, शिक्का बरोबर,
फक्त मागची खाच नव्हती.
हवालदार म्हणाला, "नोंद 'एक नग' अशी आहे.
नगाचे अवयव लिहायला रकाना नाही, बाई."

म्हणून दुकान पोरावर टाकून
मी अप्पांना घेऊन साखर पेठेत बसले आहे,
नबीलाल मिस्त्रींच्या बाकावर.
मी चष्मे विकते. डोळ्यांची मला सवय आहे.
बंदुकीची नाही,
तिच्या तेलाच्या वासाची मात्र लहानपणापासून.
खंडेनवमीला हळदकुंकू,
बाकी वर्षभर कपाट.
बहात्तरच्या कायद्यानंतर
तिनं एक पाखरूसुद्धा मारलेलं नाही.

मिस्त्रींनी लेव्हर खाली ओढली,
घर रिकामं आहे हे बघितलं,
परत एकदा बघितलं.
अप्पांना ते आवडलं.

मग शेंगाचटणीचा तेलकट कागद पुसून
त्यावर तीन तुकडे मांडले.
पहिली खाच साधी, पाचराएवढी.
दुसरीला दोन वाकडी शिंगं.
ती अप्पांनी उचललीच नाही.
नान्नजच्या माळावर एका काळविटाचं काहीतरी झालं होतं;
अप्पा सांगत नाहीत,
आई सांगायची, तीही अर्धंच,
मग भाकरी उलटायला उठायची.
तिसरी म्हणजे उभी चकती,
मधोमध मोहरीएवढं भोक.

"खाच, माशी आणि निशाण," मिस्त्री म्हणाले,
"तिन्ही एकदम साफ दिसायचं वय चाळिशीत सरतं.
मग कशावर तरी पाणी सोडायचं.
खाच आधी धूसर होते
आणि माणूस म्हणतो, बंदूक बिघडली."
मी हसले.
माझ्याकडे येतात ते म्हणतात,
पेपरवाले हल्ली बारीक छापतात.

अप्पांचा मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली.
नंतरचा चष्मा मी स्वतः घासून बसवला,
तो डबीत आहे. डबी कपाटात.
"नाकावर ओझं कशाला," म्हणतात.
खुर्चीवर बसून तक्ता वाचा म्हटलं
तर म्हणाले, "मी काय शाळेत आहे?"

रायफल बाकावर तशीच ठेवून
त्यांनी नुसती चकती उचलली,
डोळ्याशी धरली, दाराबाहेर बघितलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मागे कुठेतरी माग खटखटत होते.

"येमूल चादर सेंटर," अप्पा म्हणाले.
"पक्का रंग. एक भाव."
थांबले.
"खाली फोन नंबर आहे. पाचच आकडी.
बदलला नाही लेकानं."

माझ्या दुकानात अशीच एक काळी पट्टी आहे,
बारीक भोकं पाडलेली.
भोकातून दिसलं तर डोळा शाबूत,
चूक फक्त काचेची.
गावातल्या किती जणांच्या डोळ्यावर धरली असेल मी ती.

मिस्त्रींनी रायफलीला साधीच खाच बसवली,
पितळी ठोकणी, लाकडी हातोडी,
उजवीकडून डावीकडे, केसाकेसानं,
मध्येच एक डोळा मिटून.
"आता नोंदीप्रमाणे एक नग," म्हणाले.

चकती अप्पांच्या खिशात गेली होती.
"आणि हिचं? कागदावर लिहायचं का काही?"
"भोकाला परवाना लागत नाही, अप्पा.
चहाचे द्या."

रिक्षात ती परत बाहेर आली.
आधी किल्ल्याचा बुरूज,
मग मीटर, मग रिक्षावाल्याचा बिल्ला,
मग माझ्याकडे वळले.
"मान हलवू नको.
कानामागं पांढरं झालंय की गं तुझं.
कधी?"

मी म्हटलं, रिक्षा हलतेय अप्पा,
नीट दिसायचं नाही.

"रिक्षा हलू दे," म्हणाले,
"मी हलत नाही."